चिपवरच्या डीएनए चाचणीत बेसलाइन चढते, सिग्नल सापडत नाही: तपास कुठून सुरू करायचा

आधी लक्षणं. मांडणी साधारण अशी धरतो: सूक्ष्म चॅनल किंवा चेंबर, त्याच्या खाली चिपमध्येच बसवलेला सिलिकॉन फोटोडायोड, मध्ये निळा अडवून हिरवा सोडणारा फिल्टर, वरून किंवा बाजूने निळी एलईडी, पीसीआरसाठी (तापवून-थंड करून डीएनएच्या प्रती वाढवण्यासाठी) शेजारीच हीटर, आणि द्रावात सायबर ग्रीन किंवा फॅमसारखा, निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा डाय. अशा चिपवर पुढच्यापैकी काही दिसत असेल तर वाचा.

– एलईडी लावली की रीडिंग एकदम छताला जातं. डाय असलेला आणि नसलेला नमुना यांत फरक जेमतेम.
– हीटर तापला की बेसलाइन (सिग्नलच्या खालची पायाभूत पातळी) वर, थंड झाला की खाली. पीसीआरच्या प्रत्येक फेरीबरोबर आलेख श्वास घेतो.
– निगेटिव्ह कंट्रोलही (मुद्दाम डीएनए न घातलेला नमुना) हळूहळू चढतो आणि पॉझिटिव्हसारखा दिसायला लागतो.
– मध्येच उडी. कधी वर, कधी खाली, आणि मग नव्या पातळीवर स्थिर.
– सगळ्या आलेखावर बारीक लव, ऑसिलोस्कोपवर पाहिलं तर ५० किंवा १०० हर्ट्झ.
– काल चाललेली चिप आज पाऊस लागल्यावर वेडी झाली.

ही चिप घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की सिग्नल कमी पडतोय, गेन वाढवू का? वाढवू नका. माझ्या अनुभवात सिग्नल सहसा ठीकच असतो, त्याच्याखालची जमीन उंच झालेली असते. गेन वाढवला की दोन्ही सारखेच वाढतात आणि अॅम्प्लिफायर आणखी लवकर भिंतीला लागतो.

पहिलं काम: चार रीडिंग

याला पैसा लागत नाही, वेळही फार लागत नाही. आणि हे केल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही, कारण पुढची प्रत्येक पायरी या चार आकड्यांवरूनच निवडायची आहे.

१. एलईडी बंद, सगळं काळ्या कापडाखाली. २. एलईडी चालू, चिप रिकामी. ३. एलईडी चालू, चिपमध्ये नुसता बफर. ४. एलईडी चालू, बफरमध्ये डाय. चारही एकाच तापमानाला, हीटर बंद ठेवून.

समजा तुमच्या अॅम्प्लिफायरचा फीडबॅक रेझिस्टर, म्हणजे डायोडच्या करंटचं व्होल्टेज करणारा रोध, १ गिगाओहमचा आहे. म्हणजे १ पिकोअँपिअर करंटला १ मिलिव्होल्ट. आकडे आले ५, ८००, ८१० आणि ८३० मिलिव्होल्ट. खरा सिग्नल म्हणजे चौथ्यातून तिसरा वजा, २० मिलिव्होल्ट. तो ८०० च्या डोंगरावर बसलाय. एलईडीचा प्रकाश एका टक्क्याने हलला तर ८ मिलिव्होल्ट हलतात, म्हणजे सिग्नलचा जवळजवळ निम्मा भाग. भर दुपारी काजवा शोधत बसल्यासारखं आहे ते. डोळे ताणून उपयोग नाही, सावली करायला हवी.

आता कुठे जायचं ते आकडेच सांगतात. पहिलं रीडिंग मोठं असेल तर दोष डायोडमध्ये, बोर्डात किंवा कापडाच्या फटीत. दुसरं मोठं असेल तर फिल्टर, भटका प्रकाश किंवा चिपचं मटेरियल. दुसऱ्या-तिसऱ्यात मोठी दरी असेल तर बफर किंवा बुडबुडे. आणि तिसऱ्या-चौथ्यात फरकच नसेल, तरच सिग्नल खरोखर कमी आहे.

फुकटातल्या तपासण्या

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. पहिलं रीडिंग पडलं तर कापड पुरेसं काळं नाही. पातळ काळं कापड दिव्याजवळ धरून बघितलंत तर कळेल, त्यातून आरपार दिसतं. दोन घड्या घाला. हे करताना बोर्डावर काचेच्या अंगाचे डायोड असतील तर त्यांच्यावरही बोट झाकून पाहा. काचेतला साधा डायोडही प्रकाशाला करंट देतो, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं आणि प्रत्यक्षात अर्धा दिवस खातं.

मग चिपचा पृष्ठभाग. बोटांचे ठसे, वाळलेला बफर, टिश्यूचे तंतू हे सगळे निळा प्रकाश विखुरतात, आणि विखुरलेला प्रकाश तिरका होऊन फिल्टरवर पडतो. तिरका पडला की काय होतं ते पुढे येतंच. पावडर नसलेले ग्लोव्हज, आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारं कापड, एवढं पुरतं. एका चिपच्या कडेला पिवळ्या हायलायटरने नमुना क्रमांक लिहिलेला होता. निळ्या प्रकाशात तो आकडा डोळ्यांनाही हिरवागार चमकत होता, म्हणजे नेमका तिथे, जिथे फॅमचा प्रकाश मोजायचा. लिहायचंच असेल तर चॅनलपासून लांब, आणि पेन्सिलीने. चिप झाकायला चिकट पट्टी वापरत असाल तर ती काढून दुसरं रीडिंग पुन्हा घ्या. काही पट्ट्यांचा गोंदच चमकतो.

लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. लव कमी झाली तर ग्राउंडचा प्रश्न आहे, प्रकाशाचा नाही. शिवाय रीडिंग घेताना १०० मिलिसेकंदांची सरासरी घ्या. त्यात ५० हर्ट्झच्या पूर्ण ५ लाटा बसतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. तुम्ही अमेरिकेत बसून हे करत असाल तरी चालेल, ६० हर्ट्झच्या पूर्ण ६ बसतात.

बुडबुडे आणि बाष्पीभवन

आलेखात अचानक उडी दिसली की आधी सूक्ष्मदर्शकाखाली चेंबर बघा. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, आणि ९५ अंशांना ती हमखास पडते. बुडबुड्याच्या कडेवर प्रकाश वळतो, कधी डायोडकडे येतो, कधी दूर जातो. म्हणून उडी कधी वर, कधी खाली. उपाय स्वस्त आहे: मिश्रण भरण्याआधी व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढा, हळू भरा, कोपरे गोल असलेली रचना निवडा.

निगेटिव्ह कंट्रोल चढतोय याचा अर्थ लगेच दूषित झालं असा लावू नका. चिपमधलं आकारमान एखाद्या मायक्रोलिटरचं किंवा त्याहून कमी असतं, आणि पीडीएमएस (चिप ज्याची बनवतात ते पारदर्शक सिलिकोन रबर) पाण्याची वाफ आरपार जाऊ देतं. द्राव आटला की डाय दाट होतो, रीडिंग दर फेरीला थोडं चढतं, आणि संगणकावरचा आलेख अगदी डीएनए वाढल्यासारखा दिसतो. ओळखायचं कसं? पॉलिमरेज आणि डीएनए सगळं बाजूला ठेवा, पीएच ८ च्या आसपासच्या बफरमध्ये नुसतं फ्लुरेसिन (डीएनए नसतानाही हिरवा चमकणारा डाय) भरा, आणि पीसीआरच्या सगळ्या फेऱ्या चालवा. चढलं तर बाष्पीभवन. वरून मिनरल ऑइल किंवा काचेचं झाकण द्या. फ्लुरेसिन स्थिर राहिलं आणि खऱ्या मिश्रणाचा कंट्रोल तरीही चढत असेल, तर प्रश्न प्रकाशाचा नाहीच: सायबर ग्रीन असेल तर प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांनाच चिकटून वाढताहेत, किंवा खरंच दूषित झालंय. तेच मिश्रण टेबलावरच्या साध्या पीसीआर यंत्रात टाकून मेल्ट कर्व्ह (हळूहळू तापवताना चमक कुठल्या तापमानाला पडते त्याचा आलेख) घ्या, खात्री होईल.

फ्लुरेसिन उलट उतरत गेलं तर दोन शक्यता. एलईडी सतत चालू ठेवून ती तापते आणि मंदावते, किंवा डाय प्रकाशाने जळतो. चेंबर बंद असताना एलईडी काही मिनिटं बंद करा. रीडिंग मूळपदावर आलं तर एलईडी, नाही आलं तर डाय. दोन्हींवर औषध एकच, मोजायच्या क्षणापुरतीच एलईडी लावा. एलईडीला स्थिर करंटचा ड्रायव्हर नसेल तर तोही याच वेळी लावून घ्या. आणि जमलं तर एलईडीकडे बघणारा दुसरा छोटा फोटोडायोड. रीडिंगला त्याच्या रीडिंगने भागलं की एलईडीची डगमग निघून जाते.

हीटरबरोबर श्वास घेणारी बेसलाइन

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण या लक्षणावर सगळ्यांत जास्त उलटसुलट दुरुस्त्या होताना बघितल्यात.

सायबर ग्रीन दुपेडी डीएनएला चिकटल्यावरच नीट चमकतो. ९५ अंशांना पेड सुटतात, म्हणजे तापवल्यावर खरा सिग्नल पडायला हवा. तुमचं रीडिंग तापवल्यावर चढत असेल तर ते डीएनए नाही. एलईडी बंद ठेवून तीच फेरी चालवा. तरीही चढतंय? मग डायोड तापतोय.

सिलिकॉन फोटोडायोडला उलटा व्होल्टेज दिलेला असेल तर त्याचा डार्क करंट (अंधारातही वाहणारा करंट) साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो. बीपीडब्ल्यू३४ सारख्या बाजारात सहज मिळणाऱ्या डायोडचा डार्क करंट १० व्होल्टला, खोलीच्या तापमानाला, सुमारे २ नॅनोअँपिअर धरला जातो. म्हणजे वरच्या १ गिगाओहमवर २ व्होल्ट, कुठलाही प्रकाश नसताना! डायोड ४० अंशांनी तापला तर सोळापट. म्हणून पिकोअँपिअर मोजायचे असतील तर उलटा व्होल्टेज काढून टाका, डायोड शून्य व्होल्टला चालवा. वेग कमी होतो, पण पीसीआरला वेग कोणाला हवाय.

शून्य व्होल्टलाही सुटका पूर्ण होत नाही. अॅम्प्लिफायरचा इनपुट ऑफसेट (इनपुटवर उरणारा चुकीचा व्होल्टेज) १ मिलिव्होल्ट असेल आणि डायोडचा शंट रेझिस्टन्स (डायोडला समांतर असलेला त्याचाच अंतर्गत रोध) १ गिगाओहम, तर १ पिकोअँपिअर गळतो. तापमान ४० अंशांनी वाढलं की शंट सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि गळती १६ पिकोअँपिअर होते. वरच्या उदाहरणातल्या २० मिलिव्होल्टच्या सिग्नलशेजारी १६ मिलिव्होल्टची खोटी चढ. ऑफसेट मायक्रोव्होल्टांत असलेला अॅम्प्लिफायर घेतला की ही गळती तितक्याच प्रमाणात घसरते. शक्यतो डायोड आणि हीटर यांच्यामध्ये सिलिकॉन खोदून किंवा हवेची फट ठेवून उष्णता अडवा. ते नव्या चिपशिवाय होत नाही, म्हणून तोपर्यंतचा उपाय: प्रत्येक रीडिंगमध्ये एलईडी बंद आणि चालू अशी जोडी घ्या, एकातून दुसरं वजा करा, आणि रीडिंग नेहमी एकाच तापमानाला, फेरीच्या ६० किंवा ७२ अंशांच्या टप्प्याच्या शेवटी घ्या.

हीटर पल्सने चालत असेल तर त्या पल्सही रीडिंगमध्ये शिरतात. मोजायच्या १०० मिलिसेकंदांपुरता हीटर बंद ठेवला तर तापमान फारसं हलत नाही.

एलईडी झपझप चालू-बंद करून लॉक-इन पद्धतीने (फक्त त्याच वेगाने हलणारा सिग्नल उचलून) मोजायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. सल्ला चांगला आहे, पण १ गिगाओहमला समांतर १ पिकोफॅराड धरला तरी अॅम्प्लिफायर १६० हर्ट्झच्या आसपास दमतो. १ किलोहर्ट्झला एलईडी नाचवली तर उरलासुरला सिग्नलही जाईल. ३७ हर्ट्झसारखा, ५० शी नातं नसलेला हळू वेग घ्या.

पावसाळ्यात बिघडणारा बोर्ड

पहिलं रीडिंग मोठं, अंधार नक्की आहे, हीटर बंद आहे, तरी आकडा तरंगतो. कोकणात, मुंबईत जून लागला की ही तक्रार येते. ५ व्होल्टच्या रेषेपासून अॅम्प्लिफायरच्या इनपुटपर्यंत बोर्डाच्या पृष्ठभागाचा रोध १००० गिगाओहम असला तरी ५ पिकोअँपिअर गळतात. सोल्डरिंगचा फ्लक्स नीट पुसलेला नसेल आणि त्यावर दमट हवा बसली तर रोध सहज दहाव्या हिश्श्यावर येतो, मग ५० पिकोअँपिअर. तुमच्या सिग्नलपेक्षा जास्त.

तपासणी सोपी: हेअर ड्रायर मंद ठेवून बोर्डावर लांबून फिरवा आणि थंड होऊ द्या. रीडिंग खाली आलं तर दमटपणाच. मग इनपुटच्या आसपासचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा, ६० अंशांना तासभर वाळवा, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. पुढचा बोर्ड बनवताना इनपुटभोवती गार्ड रिंग (इनपुटच्याच व्होल्टेजला ठेवलेली, गळती अडवणारी तांब्याची कडी) आखायला सांगा. धुण्याआधी चिप काढून ठेवा, अल्कोहोल पीडीएमएसच्या जोडात मुरतं.

फिल्टर: इथून खर्च सुरू

दुसरं रीडिंग मोठं आहे आणि चिप स्वच्छ आहे. आता चिप काढून तिच्या जागी तेवढ्याच जाडीची क्वार्ट्झची किंवा चांगली काच ठेवा. डायोड चिपमध्येच पक्का असेल तर निदान तशाच फिल्टरचा सुटा डायोड खाली धरा. पार्श्वप्रकाश कमी झाला तर चिपचं मटेरियल चमकतंय: पॉलिकार्बोनेट आणि प्रकाशाने घट्ट होणारे बरेच गोंद यांत बदनाम, काच, पीडीएमएस आणि सीओसी (एक पारदर्शक प्लास्टिक) त्यामानाने शांत. तसाच राहिला तर निळा प्रकाशच फिल्टरमधून सुटतोय.

४७० नॅनोमीटरची एलईडी म्हणजे फक्त ४७० नव्हे. तिची शेपटी ५२० च्या पुढे जाते, आणि फॅम, सायबर ग्रीन ५२० च्या आसपासच चमकतात. ती शेपटी डायोडसमोरचा कुठलाही फिल्टर अडवू शकणार नाही, कारण ती रंगानेच सिग्नलसारखी आहे. एलईडीच्याच तोंडाशी फिल्टर हवा. तो अनेकदा वाचवलेला असतो आणि सगळा डोंगर तिथूनच आलेला असतो.

दुसरी गोम कोनाची. इंटरफेरन्स फिल्टर (पातळ थरांनी नको तो रंग परतवणारा) सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी बनवलेला असतो. ३० अंश तिरका प्रकाश पडला तर त्याची खिडकी निळ्याकडे सरकते. फिल्टरचा परिणामी अपवर्तनांक २ धरला तर ५२५ नॅनोमीटरची खिडकी ५०८ ला येते. मोठ्या उपकरणात भिंगं प्रकाश सरळ करून देतात. चिपमध्ये भिंग नाही, चॅनल डायोडला जवळजवळ टेकलेला आहे, प्रकाश सगळ्या दिशांनी येतो. हीच तर या रचनेची गंमत होती: १९९८ साली मिशिगन विद्यापीठात मार्क बर्न्स यांच्या गटाने हीटर, तापमापक, जेल आणि फोटोडायोड एकाच सिलिकॉनवर आणले तेव्हा बाहेर भिंगांची गरजच राहिली नाही. पण भिंग काढलं की कोन आले. रंगीत काचेचा किंवा रंगीत पॉलिमरचा शोषक फिल्टर कोन बघत नाही, मात्र तो स्वतः थोडा चमकतो. म्हणून दोन्ही लावा: चॅनलकडे इंटरफेरन्स, त्याच्याखाली डायोडकडे शोषक. निळ्याचा मोठा भाग वर परतवला की खालचा कमी चमकतो, आणि तिरका सुटलेला तो गिळतो. जमलं तर एलईडी समोरून लावण्याऐवजी बाजूने, डायोडच्या रेषेबाहेरून लावा. पैसे न घालता बराच फरक पडतो.

शेजारच्या चॅनलचं रीडिंगही सोबत हलत असेल तर प्रकाश काचेच्या जाडीतून आडवा पळतोय. चॅनलांमध्ये काळी भिंत किंवा डायोडभोवती धातूची चौकट लागते, म्हणजे नवी रचना.

नवी रचना करायचीच ठरली तर स्वतःला एक प्रश्न विचारा: डिटेक्टर चिपमध्येच हवा का? गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटमध्ये चिप एकदा वापरून टाकायची असते आणि प्रकाश वाचणारा भाग यंत्रात राहतो. क्षयरोगाच्या तपासणीसाठी हे यंत्र गावपातळीपर्यंत गेलं आहे. चिप फेकायची असेल तर तिच्याबरोबर डायोड आणि फिल्टरही फेकणं मला पटत नाही. एकाच वेळी हजारो ठिपके वाचायचे असतील तेव्हा गोष्ट वेगळी.

इथे थांबा

डार्क रीडिंग थंड, कोरड्या, धुतलेल्या बोर्डावरही मोठं आहे, आणि अॅम्प्लिफायरला चांगला सुटा डायोड जोडल्यावर ते पडतं? मग चिपमधला डायोड गेला. बहुतेकदा जोडातून बफर झिरपून वरचा संरक्षक थर भेदतो आणि सोडियमचे आयन सिलिकॉनच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. वाळवून, धुऊन, तापवून तो परत येत नाही. ज्यांनी चिप बनवली त्यांच्याकडे पाठवा.

डायोडपासून बोर्डाकडे जाणाऱ्या तारा केसाहून बारीक, साधारण २५ मायक्रॉनच्या असतात. एखादी उठलेली दिसली तर चिमट्याने दाबू नका, चांदी घातलेल्या वाहक रंगाचा ठिपका लावू नका. वायर बाँडर असलेल्या पॅकेजिंगवाल्याचं ते काम. दाबताना शेजारची तुटते आणि मग दुरुस्तीलाही कोणी हात लावत नाही.

चिपवर इलेक्ट्रोफोरेसिस (विजेने ओढून डीएनएचे तुकडे वेगळे करणं) असेल आणि हाय व्होल्टेज लावल्यावरच रीडिंग उडत असेल, तर तिथेच बंद करा. किलोव्होल्ट कुठून तरी डिटेक्टरच्या ग्राउंडकडे गळतोय. हे शोधायला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस हवा, आणि तो येईपर्यंत चिपला हात लावू नये. एलईडीच्या जागी लेझर असेल तर झाकण उघडून फिल्टर जुळवण्याचा उद्योगही करू नका. लेझर सुरक्षेचं प्रशिक्षण असलेल्यालाच ते करू द्या.

रुग्णांचे नमुने चालणारं यंत्र असेल तर यातली कुठलीच दुरुस्ती तुमची नाही. पुसणं, झाकण नीट लावणं एवढं करा, निकाल रोखून ठेवा, नमुने दुसऱ्या यंत्रावर लावा आणि कंपनीच्या इंजिनिअरला बोलवा.

कोणालाही चिप पाठवताना सोबत कागदावर चार रीडिंग, ती कुठल्या तापमानाला घेतली, फीडबॅक रेझिस्टर केवढा, डायोडला व्होल्टेज किती, एलईडी आणि दोन्ही फिल्टरचे क्रमांक, आणि सूक्ष्मदर्शकाखालचा एक फोटो द्या. चिप रिकामी करून, कोरडी करून, अँटिस्टॅटिक पिशवीत भरा. बफर आत ठेवून पाठवली तर वाटेत तो सुकून मीठ जमतं, आणि मूळ दोष कुठला नि प्रवासातला कुठला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.